पेटीतला चहा

हिमरूचे विणकर हमीदभाई रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी छत्रपती संभाजीनगरातल्या आपल्या घरी वारले. वय चौऱ्याहत्तर. अन्ननलिकेचा कॅन्सर होता. दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, त्यांनी मुलीनं तैवानहून पाठवलेल्या चहाचे दोन घोट घेतले होते. तो चहा मी केला होता. त्यासाठीच मी कोल्हापूरहून तिथं गेले होते. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता.

हमीदभाईंची ओळख जुनी. बातमीदार असताना हिमरूच्या शेवटच्या काही मागांवर मी एक लेख केला होता. तेव्हा त्यांची मुलगी नाझनीन सातवीत होती. नक्षीचे उभे-आडवे धागे कसे मोजायचे, ते तिनं मला वहीत काढून दाखवलं होतं. ती पुढं इंजिनिअर झाली आणि तैवानमधल्या एका कारखान्यात कामाला लागली. मी निवृत्त झाले तरी तिचे फोन येत राहिले.

गेल्या मे महिन्यात तिनं चहाची दोन पाकिटं पाठवली. एक वडिलांना, एक मला. तो ऊलाँग चहा होता. हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. पानं अर्धवट मुरवतात आणि वळून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या करतात. ती राहते तिथल्या डोंगरात एका झाडाला बारीक पिवळी फुलं येतात, त्यांना पिकल्या जर्दाळूचा वास असतो. तयार चहा त्या फुलांच्या थरांमध्ये ठेवतात. चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं. मग फुलं चाळून काढतात. हा चहा उकळायचा नसतो. उकळी येऊन जरा निवलेलं पाणी ओतायचं आणि पहिलं पाणी लगेच टाकून द्यायचं. दुसरं अर्धा मिनिट ठेवायचं. गोळी हळूहळू सुटते आणि कपात अख्खं पान दिसू लागतं. रंग फिका सोनेरी. वास आधी झाकणाला लागतो, मग कपाला, आणि पिऊन झाल्यावर बराच वेळ घशात राहतो. एका चिमटीवर पाच-सहा वेळा पाणी घालता येतं. मी रोज सकाळी तो करत असे. माझं पाकीट दिवाळीआधीच संपलं.

मी निघण्याच्या तीन दिवस आधी नाझनीनचा फोन आला.

"मॅडम, अब्बांनी पाकीट उघडलंच नाही. तू आल्यावर उघडू, म्हणाले. माझी सुट्टी येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारपासून आहे. डॉक्टरांनी अम्मीला जे सांगितलं, ते बुधवारपर्यंतचं नाही."

मी विचारलं, काय करायचं.

"तुम्ही जाऊन करून द्या. अम्मी दूध घालून उकळेल. मला फक्त एकदा त्यांना तो वास यायला हवाय. मी रोज सकाळी काय पिते, ते कळायला हवंय. आणि नंतर मला खरं सांगा. अम्मी मला खरं सांगत नाही, अब्बा तर नाहीच. तुम्ही सांगाल."

मी सांगेन म्हटलं.

मंगळवार

दुपारी दोनला पोचले. जुन्या शहरात दरवाजाच्या कमानीतून एका वेळी एकच रिक्षा जाते. दोन्ही बाजूंचे लोक आधी हॉर्न वाजवतात आणि मग वाट देतात. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. टपरीवाले बाळासाहेब गंगापूर तालुक्यातले. शेतात कापूस आणि ऊस, तो भाऊ बघतो. हे पंधरा वर्षं इथं. मी घर विचारलं.

"हमीदचाचांकडं व्हय? बसा आधी, चहा घ्या. तिथं गेल्यावर चाचीला पाण्याचा हिशेब पडतो. आज गल्लीत पाण्याचा दिवस नाय."

मी कशाला आले ते सांगितलं. त्यांनी गाळणी तशीच हातात धरली.

"चहा करायला? कोल्हापूरहून? इथं मानसं लेण्या बघायला येतात, कोर्टात येतात, दवाखान्यात येतात. चहा करायला तुम्हीच पहिल्या."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, त्यावर निळ्या रेशमाची अर्धी शाल तशीच. दिवाळीपासून तिच्यात एक धागा पडलेला नव्हता. मागाशेजारी खाट आणि खाटेवर हमीदभाई. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते अंगानं भरलेले होते. आता खांद्याची हाडं सदऱ्यातून मोजता येत होती. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"या ताई. शेवटची मुलाखत घ्यायला आलात का?"

"चहा करायला आलेय."

"मग तेच झालं."

त्यांची बायको झुबेदाबी आतून आल्या. लहान पेल्यात अर्धा पेला पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याला तांब्याभर पाणी देतात आणि उरलेलं मोरीत जातं. मी दोन घोट प्याले. उरलेलं झुबेदाबींनी दारातल्या सब्जाच्या कुंडीत ओतलं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ड्रममधलं पाणी टँकरचं, बोअरचं. त्याची चव घेऊन पाहिली. जड होतं, चहाला चालणार नव्हतं. पिण्याचा जार सांगायचा, एवढं त्या दिवशी ठरलं.

संध्याकाळी नान-खलिया होतं. नान भट्टीवरून आणलेले, पिवळसर आणि जाड. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, तेलकट लाल, आमच्या तांबड्या रश्श्यासारखा दिसतो, पण तिखट घशाला न लागता जिभेवर थांबतं. हमीदभाईंनी माझं ताट खाटेजवळ ओढायला लावलं. स्वतः काही खाल्लं नाही. चमच्याने पाणी घेत होते, तेही थांबून थांबून.

"वास घेतो," ते म्हणाले. "नाक शाबूत आहे. दालचिनी जास्त झालीय."

"चाळीस वर्षं तेवढीच टाकतेय मी," झुबेदाबी म्हणाल्या.

"चाळीस वर्षं जास्तच होतेय."

नाक शाबूत आहे, हे मी वहीत लिहून घेतलं. माझ्या कामाच्या दृष्टीनं तेवढंच महत्त्वाचं होतं.

बुधवार

सकाळी नऊ वाजता जार आला. मी सामान मांडलं: झाकणाचा पांढरा कप, दोन वाट्या, लहान वजनकाटा, थर्मामीटर. पाकीट कुठंय, विचारलं. हमीदभाईंनी सदरीच्या आतल्या खिशातून किल्ली काढली आणि बायकोला दिली. झुबेदाबींनी ती परत त्यांच्याच हातात ठेवली.

"तुमची पेटी. तुम्हीच उघडा."

पत्र्याची पेटी खाटेखाली होती. झुबेदाबींनी आणि मी ती ओढून काढली. कुलूप हमीदभाईंनी पडल्या पडल्या, हात लांब करून उघडलं. झाकण वर गेलं आणि खोलीभर कापराचा वास झाला.

पेटीत हिमरूचे जुने नमुने होते, मुलीची शाळेची प्रमाणपत्रं होती आणि एक पांढरं गाठोडं होतं. गाठोड्यात त्यांचं कफन होतं. हजला गेले तेव्हा तिथून आणलेलं, मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. घड्यांमध्ये कापराच्या पुड्या होत्या. मयताला शेवटचं पाणी घालताना कापूर लागतो, म्हणून तो कफनासोबतच ठेवतात. इथं ते काफूर म्हणतात. आमच्याकडे हे कापड माणूस गेल्यावर दुकानातून आणतात. आधी घरात आणून ठेवणं कोणी मनातही आणणार नाही. इथं मात्र त्या गाठोड्याकडं कोणी दबून पाहिलं नाही. हमीदभाईंनी मधल्या घडीत हात घातला आणि चहाचं पाकीट बाहेर काढलं.

चंदेरी पाकीट कस्टमच्या तपासणीत कधीतरी कापलेलं होतं. वरून चिकटपट्टी लावली होती. पत्र्याच्या पेटीत मे महिन्याच्या उन्हाळ्यात ती सुटली होती. पाकीट आठ महिने उघडं होतं.

मी त्यात नाक घातलं. कापूर. फक्त कापूर.

"इथं का ठेवलंत?" मी विचारलं.

"मग कुठं ठेवणार? पोरीनं पाठवलेलं. घरात सगळ्यात पाक जागा एवढीच."

झुबेदाबी कपाळाला हात लावून खाली बसल्या. "कित्ता बोली मैं इनकू! पेटी में कुछ भी मत कोंबो, कुछ भी मत कोंबो! पोरीचे सर्टिफिकेट कोंबले, मी गप्प. चहा कोंबला? कफनात?"

"तू तर डब्यात ठेवला असता. हळदीशेजारी."

"हळद बरी होती."

हमीदभाईंनी पाकीट मागितलं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"खुबानी कुठंय?" त्यांनी विचारलं. जर्दाळूला इथं खुबानी म्हणतात. "ती म्हणायची, अब्बा, खुबानीसारखा वास येतो. वाटलं होतं, ती आल्यावरच घेऊ. आधी नाक घातलं तर उघडल्यासारखं झालं असतं."

मी पाच ग्रॅम मोजून चहा केला. पाणी नव्वद अंश. पहिलं पाणी टाकलं, दुसरं चाळीस सेकंद ठेवलं. रंग बरोबर आला, गोळ्या बरोबर सुटल्या. पिऊन पाहिला. सर्दीला छातीला लावायचं मलम पाण्यात ढवळावं, तसा लागला. त्यांना दिला नाही. सगळा चहा सब्जाच्या कुंडीत गेला.

नाझनीनचा संदेश आला होता: "झाला?" मी लिहिलं: "आज नाही. शुक्रवारी सकाळी. तू कॉलवर ये." का, ते लिहिलं नाही. दोन दिवस हाताशी होते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस किती, ते मात्र मला माहीत नव्हतं. झुबेदाबींनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गुरुवार

जुना झालेला ऊलाँग मंद आचेवर पुन्हा शेकतात, हे मी एका चहाच्या मळ्यावर पाहिलं होतं. ओल आणि लागलेले वास निघून जातात. कापूर हवेत उडतो, तो आधी जाईल असा हिशेब केला. फुलाचा वासही उडणारा आहे, हेही माहीत होतं. किती जाईल आणि किती राहील, ते सांगता येत नव्हतं.

घरातला तवा तेल प्यालेला होता. बाळासाहेबांकडं शेगडी होती, कोरी लोखंडी पाटी होती. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. त्यांनी जागा दिली. निखाऱ्यावर राख टाकून आच बारीक केली आणि पाटीवर कागद अंथरला. त्यावर चहा पसरून मी दर पाच मिनिटांनी हातानं हलवत राहिले. पहिल्या वीस मिनिटांत कापराचा वास टपरीभर झाला.

एक रिक्षावाला नाक वर करून म्हणाला, "बाळासाहेब, आरती करतो का काय?"

"गप बस. चाचाचा चहाय."

"चाचाला आता चहा चालतो?"

"चालंल न चालंल. तुला काय करायचंय? पैसे दे अन् जा."

पाऊण तासानंतर कापूर बारीक झाला. दीड तासानंतर चहात नाक खुपसलं तरच तो येत होता. मी गार करून एक कप केला. बाळासाहेबांना अर्धा दिला. त्यांनी घोट तोंडात फिरवला आणि गिळला.

"खरं सांगू? गवताचं पाणी. पण गिळल्यावर काहीतरी ऱ्हातंय मागं. भाजल्या हरभऱ्यावानी. अन् गोड."

वर्णन बरोबर होतं. चहा चांगला लागत होता. भाजल्याचा वास, मग थोडी गोडी, आणि तळाशी किंचित कापूर. तिसऱ्या पाण्याला तोही जवळपास गेला. फुलाचा वास मात्र एकाही पाण्याला आला नाही. मी सहा वेळा पाणी घातलं आणि प्रत्येक वेळी झाकण नाकाशी धरलं. जर्दाळू नव्हता.

चार वाजता घरी गेले आणि हमीदभाईंना जसं होतं तसं सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत मागाकडं होते.

"म्हणजे चहा आहे. खुबानी नाही."

"नाही."

"पोरीला खुबानी सांगा."

मी म्हटलं, मला नाही सांगता येणार.

"का? पेपरात छापायचंय का ते?"

"तिनं मला खरं सांगायला सांगितलंय."

"ताई, लिहायचं असेल तर खरं लिहा. बोलायचंय फक्त. बोललेलं उडून जातं." त्यांना खोकला आला. झुबेदाबींनी पाठ धरली. खोकला गेल्यावर ते म्हणाले, "मी सांगेन खुबानी आली म्हणून. तुम्ही फक्त गप्प बसा. एवढं जमेल?"

मी म्हटलं, "तिनं मला विचारलं नाही, तर मी काही बोलणार नाही. विचारलं, तर खरं सांगेन."

"नाही विचारणार," ते म्हणाले. "बापाचं ऐकल्यावर कशाला विचारेल?"

आमचं एवढं ठरलं.

शुक्रवार

सकाळी सातला त्यांना उशीला टेकवून बसवलं. झुबेदाबींनी त्यांना धुतलेला सदरा घातला, दाढी विंचरली. पाणी चढवलं, थर्मामीटर नव्वदवर आल्यावर ओतलं. पहिलं पाणी टाकलं. दुसऱ्याला पन्नास सेकंद दिले, कापूर पहिल्या पाण्यासोबत गेलेला असावा म्हणून. सात वाजून आठ मिनिटांनी नाझनीनचा व्हिडिओ कॉल आला. तिथं साडेनऊ होऊन गेले होते. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी होती. मागं काचेला पाऊस लागत होता. तिच्याही हातात एक कप होता.

"अस्सलाम अलैकुम अब्बा. हा बघा, माझाही."

"वालेकुम अस्सलाम. केस का कापले?"

"अब्बा, चहा घ्या आधी. निवेल."

मी वाटी त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी आधी वास घेतला, मग पहिला घोट घेतला. गिळायला वेळ लागला. सात वाजून दहा मिनिटांनी दुसरा घेतला. तिसऱ्याला हातानं वाटी बाजूला केली.

"आली का?" नाझनीननं विचारलं. "खुबानी?"

"आली. आली ना," हमीदभाई म्हणाले. "तू म्हणायचीस तशीच. एकदम."

नाझनीननं फोन डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाली, "मॅडम?"

मी वाटी खाली ठेवली.

"मॅडम, तुम्ही प्यालात ना? तुम्हाला आली?"

मी म्हटलं, "नाही."

मग मला पुढचं सांगावं लागलं. पाकीट कापलं गेलं होतं, पट्टी सुटली होती. ते पेटीत कफनाच्या घडीत होतं, सोबत काफूर होता. काल शेकून काफूर बराच काढला. त्यासोबत फूल गेलं. सहा वेळा पाणी घालून पाहिलं. चार-पाच वाक्यं झाली.

झुबेदाबी तिथंच उभ्या होत्या. "या अल्ला," त्या मला म्हणाल्या. "एक झूट बोल देते तो क्या जाता था तुम्हारा?"

नाझनीननं विचारलं, "कुठल्या घडीत?"

"मधल्या," हमीदभाई म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "पाक जागा बघून ठेवला बेटा. चुकलं."

"नाही अब्बा. नाही चुकलं." तिनं हातातला कप कॅमेऱ्याबाहेर ठेवला. "मी बुधवारी नवीन घेऊन येते. बुधवारपर्यंत थांबा."

"हौ," ते म्हणाले.

कॉल सहा मिनिटं चालला. बंद झाल्यावर हमीदभाईंनी आडवं करायला सांगितलं. मी उशी काढली.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही पेपरवाल्याच राहिलात."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुपारपासून ग्लानी होती. उरलेल्या पानांवर मी आणखी पाणी घातलं नाही.

वेरूळ

शनिवारी घरात नातेवाईक येऊ लागले. पुतण्या अन्वर वाळूजच्या कंपनीतून रजा टाकून आला. बसायला जागा नव्हती आणि माझं काम झालं होतं. रविवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं. झुबेदाबी माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मी एसटीनं वेरूळला गेले.

शाळांच्या सहली होत्या. कैलास लेण्याच्या अंगणात चार शाळांचे चार रंगांचे गणवेश होते. मास्तर मुलांना मोजत होते, मोजणी चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. हे देऊळ वरून खाली खोदत आणलं आहे. वरचा घाव चुकला तर भर घालायला दुसरा दगड नव्हता. हे तिथला प्रत्येक गाईड सांगतो. मला सांगणाऱ्यानं ते पाठ केलेल्या आवाजात सांगितलं आणि पुढच्या खांबाकडं गेला.

सावलीत गारठा होता, उन्हात डोळे दुखत होते. घृष्णेश्वराच्या बाजूला हॉटेलात चहा घेतला. आलं, साखर, दूध. पेला गरम होता, तेवढं बरं वाटलं. परतताना डोंगर उतरून गाडी सपाटीला आली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशीची शेतं होती, काड्या काळ्या पडलेल्या. मी उतरले होते त्या लॉजवर पोचल्यावर अन्वरला फोन केला. तो म्हणाला, "तसंच आहे."

रविवार

सकाळी सात वाजता अन्वरचाच फोन आला. मी गेले तेव्हा टपरी बंद होती. बाळासाहेब गल्लीत खुर्च्या मांडत होते.

"दुपारच्या नमाजनंतर नेणार," ते म्हणाले. मग म्हणाले, "आपल्या शेगडीवरचं ते पाणी तरी पोटात गेलं चाचाच्या. दोन घोट का व्हईना."

नाझनीनला अन्वरनं कळवलं होतं. तिला लवकरचं विमान मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी पोचता आलं नसतं. इथं मयत थांबवून ठेवत नाहीत. आमच्याकडे परदेशातल्या मुलासाठी दोन दिवसही थांबतात.

मी आतल्या खोलीत बायकांसोबत बसले. अकराच्या सुमारास पुढच्या खोलीत पडदा लावून आंघोळ घातली, तिला गुसल म्हणतात. गल्लीतले गौसभाई हे काम करतात. वय साठीच्या पुढं. सोबत अन्वर होता. पेटी ओढल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. तो बराच वेळ येत राहिला. पाण्याचा दिवस नव्हता. शेजारच्या पाच घरांतून ड्रम आले होते.

दीड वाजता जनाजा निघाला. बायका दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. कब्रस्तानात बायका जात नाहीत. मीही गेले नाही. मागावरची निळी शाल कोणीतरी चादरीनं झाकली होती.

चार वाजता झुबेदाबी माझ्याजवळ येऊन बसल्या. शुक्रवारनंतर त्या पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या.

"गौसभाई मेरेकू विचारत होते, कफनाला इत्तर कोणतं लावलं होतं. आधी सांगायचं होतं म्हणे. मी म्हटलं, कोणी नाय लावलं. काफूर होता फक्त." त्या जवळ सरकल्या. "तुम्ही विचारा ना त्यांना. तुम्हाला विचारता येतं."

मी तिकीट रद्द केलं.

सोमवार

अन्वरला चहाची गोष्ट माहीत होती. म्हणून त्याला आधी विचारलं नाही. गौसभाईंना माहीत नव्हती. ते सकाळी साडेसातला मशिदीच्या बाहेर भेटले. मी फक्त एवढंच विचारलं, की कफन उघडताना कसला वास आला.

"काफूर तो था ही," गौसभाई म्हणाले. "वो तो होना ही है. मगर बीच की तह खोली तो मीठी खुशबू आयी. इत्तर जैसी, मगर इत्तर नहीं. खाने की चीज जैसी." त्यांनी थोडा विचार केला. "खुबानी. पकी हुई खुबानी. चेहऱ्याकडं आली होती ती घडी."

मी त्यांना शब्द सुचवलेला नव्हता. वहीत तसं लिहून घेतलं.

मग घरी जाऊन अन्वरला बाजूला बोलावलं. गौसभाई काय म्हणाले ते सांगितलं नाही. तोच प्रश्न विचारला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. "मला वाटलं, मला भास झाला. मी कुणाला बोललो नाही. मधल्या घडीला होता. जर्दाळूचा."

आठ वाजून पाच मिनिटांनी मी नाझनीनला लिहिलं. कफनाच्या मधल्या घडीला खुबानीचा वास होता. ती घडी चेहऱ्याकडं आली. गुसल देणाऱ्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे.

तिनं लगेच वाचलं. उत्तर अकरा मिनिटांनी आलं. एकच शब्द होता.

"दोघांनी?"

मी लिहिलं, "दोघांनी."